सातपुड्यातली वीजविद्या : बिलगाव ते ऑनलाइन वर्ग

२००३ सालच्या सुरुवातीला धडगाव तालुक्यातल्या बिलगावात विजेचे दिवे लागले. ही वीज राज्य वीज मंडळाच्या तारेतून आलेली नव्हती. उदई नदीच्या धबधब्याचं पाणी पाटाने वळवून, ते नळातून टर्बाइनवर सोडून गावाने ती स्वतः तयार केली होती. संचाची क्षमता होती १५ किलोवॉट. केरळातून आलेले दोन तरुण अभियंते आणि श्रमदानाला उतरलेले आदिवासी स्त्री-पुरुष यांनी मिळून तो उभा केला. त्यानंतर सतरा वर्षांनी, २०२०च्या टाळेबंदीत, राज्यातल्या प्रत्येक पदविका आणि पदवीच्या विद्यार्थ्याला सांगण्यात आलं की आता वर्ग मोबाइलवर भरेल. अभियांत्रिकीचं ज्ञान डोंगरात पोचवण्याचे हे दोन अगदी वेगळे प्रयत्न. पहिल्यात माणूस यंत्र घेऊन डोंगर चढला, दुसऱ्यात धडा लहरींवरून पाठवला गेला. दोन्हींचा इतिहास एकत्र वाचला, तर तंत्रशिक्षणात नेमकं काय दूरवर पाठवता येतं आणि काय येत नाही, हे बरंच स्पष्ट होतं.

आधी हा मुलूख समजून घ्यायला हवा. धडगाव हे अक्राणी तालुक्याचं मुख्य ठिकाण, म्हणून तालुक्यालाही धडगावच म्हणतात. १ जुलै १९९८ला धुळे जिल्ह्यातून नंदुरबार वेगळा झाला, तेव्हा हा तालुका नव्या जिल्ह्यात आला. तळोद्याहून चांदसैलीचा घाट चढून वर गेलं की सपाटीचा खानदेश मागे राहतो आणि सातपुड्याच्या रांगा सुरू होतात. पावरा आणि भिल्ल समाजाची वस्ती, पण गाव म्हणजे एका जागी दाटलेली घरं नव्हेत. एका टेकडीवर चार घरं, ओढा ओलांडून पुढच्या उतारावर सहा, अशी पाड्यापाड्यांनी पसरलेली गावं. विजेची तार ओढायची तर खांबांचा खर्च प्रचंड, आणि ग्राहक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. वीज मंडळाच्या हिशेबात हे पाडे वर्षानुवर्षं शेवटी राहिले, त्याचं कारण या भूगोलात आहे. अर्थात सगळा दोष भूगोलावर टाकता येणार नाही. याच तालुक्याच्या आणि शेजारच्या अक्कलकुव्याच्या उत्तर कडेने नर्मदा वाहते, आणि तिच्यावरच्या सरदार सरोवराची वीजनिर्मितीची क्षमता १४५० मेगावॉट. त्या विजेतला २७ टक्के वाटा महाराष्ट्राचा. त्या धरणाच्या फुगवट्यात महाराष्ट्रातली ज्यांची जमीन जाणार होती ती ३३ गावं याच दोन तालुक्यांतली, आणि त्यांतल्या कितीतरी घरांत संध्याकाळी चिमणी पेटत होती.

तंत्रशिक्षणाचंही तसंच झालं. महाराष्ट्रात अभियांत्रिकीचं शिक्षण सुरू झालं १८५४ला, पुण्यात. मुंबईची व्हीजेटीआय १८८७ची. पुढची जवळजवळ शंभर वर्षं हे शिक्षण मोजक्या शहरांत राहिलं. १९८३ला वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली आणि चित्र पालटलं. त्या लाटेत खानदेशातही महाविद्यालयं निघाली. शहाद्याला, म्हणजे सातपुड्याच्या पायथ्याशी, डी. एन. पटेल अभियांत्रिकी महाविद्यालय उभं राहिलं. शिक्षण पायथ्यापर्यंत आलं. वर चढायला मात्र त्याला फार वेळ लागला.

याच काळात अभ्यासक्रमांत औद्योगिक इलेक्ट्रॉनिक्स नावाचा विषय ठळक झाला. १९५७ला अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीने थायरिस्टर, म्हणजे एससीआर, प्रत्यक्षात आणला होता. नखाएवढ्या सिलिकॉनच्या तुकड्याला एक हलका इशारा द्यायचा आणि त्याने शेकडो अँपिअरचा प्रवाह सुरू करायचा, ही त्याची करामत. मोटरचा वेग, भट्टीचं तापमान, वेल्डिंगचा प्रवाह, सगळं यावर चालू लागलं. कापड गिरण्या, साखर कारखाने, पोलाद उद्योग, सगळीकडे ही नियंत्रणं बसली आणि ती दुरुस्त करणारा माणूस हवा म्हणून तंत्रनिकेतनांत पदविका निघाल्या. शहाद्याजवळच्या पुरुषोत्तमनगरचा सातपुडा साखर कारखाना हा या भागातला मोठा उद्योग. डोंगरावरच्या माणसांचं साखरेशी नातं होतं ते मात्र कोयत्याचं. दिवाळी झाली की ऊसतोडीला खाली उतरायचं, गुजरातेत जायचं. कारखान्याच्या पॅनेलसमोर उभं राहण्याची वेळ त्यांच्यापैकी फार थोड्यांवर आली.

धरणाविरुद्धच्या नर्मदेच्या आंदोलनामुळे या भागात दोन गोष्टी घडल्या. एक, १९९१-९२पासून चिमलखेडी, निमगव्हाण अशा गावांत जीवनशाळा सुरू झाल्या. मुलं आपल्या बोलीतून शिकू लागली. दुसरी, देशभरातले सुशिक्षित तरुण खोऱ्यात येऊ लागले. १९९९ला सर्वोच्च न्यायालयाने धरणाची उंची वाढवायला अंतरिम परवानगी दिली आणि त्या पावसाळ्यात धडगाव तालुक्यातलं डोमखेडी हे सत्याग्रहाचं केंद्र झालं. आंदोलनावर एक आरोप सतत होत असे : तुम्ही विकासाला नाही म्हणता, मग वीज आणणार कुठून? त्याचं उत्तर शब्दांत देऊन भागणार नव्हतं. केरळच्या पीपल्स स्कूल ऑफ एनर्जीचे अनिलकुमार आणि मधुसूदनन हे दोन अभियंते खोऱ्यात आले आणि डोमखेडीच्या ओढ्यावर त्यांनी एक अगदी छोटा जलविद्युत संच बसवला. थोड्या झोपड्यांत दिवे लागले. धरणाचं पाणी चढलं तसा तोही बुडाला. पण आपल्या ओढ्यातून वीज निघते, हे लोकांनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

बिलगावची आखणी त्यामुळे मोठी झाली. अमेरिकेतल्या भारतीयांनी १९९१ला सुरू केलेल्या असोसिएशन फॉर इंडियाज डेव्हलपमेंट (एआयडी) या संस्थेने पैशांची मदत केली, केरळच्या अभियंत्यांनी आराखडा दिला, आणि दगड-वाळू वाहण्यापासून पाट खोदण्यापर्यंतचं काम गावाने अंगावर घेतलं.

या संचाचं गणित तंत्रनिकेतनाच्या पहिल्या वर्षाच्या मुलालाही कळेल असं आहे. दहा मीटर उंचीवरून सेकंदाला अडीचशे लिटर पाणी पडत असेल, तर त्यात साधारण साडेचोवीस किलोवॉट शक्ती असते. टर्बाइन, पट्टा आणि जनित्र यांत चाळीस टक्के वाया गेली असं धरलं तरी पंधराच्या आसपास किलोवॉट हाती लागतात. कठीण भाग पुढे आहे. संध्याकाळी सगळ्या पाड्यांत दिवे चालू असतात. नऊ वाजता घरं निजू लागतात, एकेक दिवा बंद होतो. पाणी मात्र तेवढंच पडत असतं. भार उतरला की टर्बाइन जू सुटलेल्या बैलासारखं धावतं, जनित्राचा वेग वाढतो, पन्नास हर्ट्झची वारंवारता वर जाते, व्होल्टेज चढतं, आणि ज्यांचे दिवे अजून चालू आहेत त्यांचे बल्ब उडतात. यावर जुना उपाय म्हणजे झडपेपाशी माणूस बसवायचा. नवा उपाय म्हणजे इलेक्ट्रॉनिक भारनियंत्रक. घरांनी वीज कमी घेतली की तो उरलेली वीज थायरिस्टरच्या किंवा ट्रायॅकच्या मार्गाने पाण्यात बुडवलेल्या तापक कॉइलकडे वळवतो. जनित्राला वाटतं भार तेवढाच आहे, आणि वेग जागेवर राहतो. जगभरच्या छोट्या जलविद्युत संचांत हीच युक्ती वापरतात. औद्योगिक इलेक्ट्रॉनिक्सच्या पुस्तकात जे प्रकरण कारखान्याच्या संदर्भात शिकवलं जातं, ते इथे गावाच्या झोपेच्या वेळेशी जोडलेलं आहे. या विषयाचा इतका चांगला वस्तुपाठ दुसरीकडे सहज मिळत नाही, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

बिलगावचं शैक्षणिक महत्त्व यातच आहे. संच चालवायला गावातलेच तरुण तयार झाले. पाटात अडकलेला पाला काढायचा, पाणी कधी सोडायचं आणि कधी तोडायचं, बेअरिंगचा आवाज बदलला तर काय समजायचं, व्होल्टमीटरचा काटा कुठवर चालेल, हे ते यंत्रापाशी उभं राहून शिकले. शिकवणाऱ्याची मातृभाषा मल्याळम, शिकणाऱ्याची पावरी किंवा भिलोरी. मधली भाषा मोडकीतोडकी हिंदी आणि हाताची खूण. तरी शिक्षण झालं, कारण समोर यंत्र होतं आणि चूक झाली तर त्याच संध्याकाळी अख्ख्या गावाला कळणार होती.

बिलगावची कीर्ती पुढे चित्रपटापर्यंत गेली. आशुतोष गोवारीकरांच्या डिसेंबर २००४मध्ये आलेल्या ‘स्वदेस’मध्ये नासातला अभियंता गावकऱ्यांच्या श्रमांतून छोटा जलविद्युत प्रकल्प उभारतो. त्या कथेमागे एआयडीचे संस्थापक रवी कुचिमंची व त्यांच्या पत्नी अरविंदा पिल्ललमर्री हे अमेरिकेतून परतलेलं दांपत्य आणि बिलगाव यांची प्रेरणा असल्याचं तेव्हापासून सांगितलं जातं. चित्रीकरण झालं वाईजवळ मेणवलीला. देशभर लोकांनी पडद्यावरचा पेटता बल्ब पाहिला आणि डोळे पुसले. त्या वेळी बिलगावचे खरे बल्ब अजून चालू होते.

ते फार दिवस राहिले नाहीत. मार्च २००४मध्ये धरणाला ११०.६४ मीटर उंचीपर्यंत मंजुरी मिळाली होती. ८ मार्च २००६ला ती १२१.९२ मीटरपर्यंत वाढवली गेली. त्या पावसाळ्यात मोठा पूर आला, नर्मदेचा फुगवटा उपनद्यांतून आत शिरला आणि ऑगस्ट २००६मध्ये बिलगावचा संच गेला. साडेतीन वर्षांचं आयुष्य. जनित्र नव्याने विकत आणता येतं. पण चालत्या यंत्रापाशी जी माणसं घडत होती, त्यांचं घडणं तिथेच तुटलं. त्यांच्या हाताखाली दुसरी फळी तयार व्हायच्या आतच शाळा वाहून गेली. माझ्या मते हा तोटा यंत्राच्या किमतीपेक्षा मोठा होता, आणि नुकसानीच्या कोणत्याही पंचनाम्यात तो बसत नाही.

दुसरी वाट, म्हणजे दुरून शिकवण्याची, या सगळ्याच्या बरीच आधी सुरू झाली होती. विक्रम साराभाईंच्या कल्पनेतून १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात उपग्रहाद्वारे सहा राज्यांतल्या सुमारे २४०० गावांत दूरचित्रवाणीवरून शिक्षण देण्याचा प्रयोग झाला. त्याची धुरा कोल्हापूरच्या एकनाथ चिटणीसांनी सांभाळली. त्या सहा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. १९८९ला नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ निघालं. राम ताकवले पहिले कुलगुरू, आणि ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे ब्रीद. नोकरी-शेती सांभाळून शिकणाऱ्यांसाठी त्याने खरोखर दार उघडलं. २० सप्टेंबर २००४ला फक्त शिक्षणासाठी असा एज्युसॅट उपग्रह सोडला गेला. बिलगावात दिवे चालू होते त्याच काळात.

आयआयटींच्या एनपीटेल प्रकल्पाने २००३पासून अभियांत्रिकीची व्याख्यानं चित्रित करून सर्वांसाठी खुली करायला सुरुवात केली. आयआयटी मुंबईचे प्रा. बी. जी. फर्नांडिस यांची पॉवर इलेक्ट्रॉनिक्सवरची व्याख्यानमाला त्यातूनच देशभर पोचली. थायरिस्टर कसा चालू होतो आणि बंद करायला का त्रास देतो, हे ज्या महाविद्यालयात नीट शिकवणारं कुणी नव्हतं तिथली मुलंही आता उत्तम शिक्षकाकडून ऐकू शकत होती. ही लहान गोष्ट नाही. आयआयटी मुंबईचेच प्रा. दीपक फाटक यांनी वेगळा विचार केला : मुलांना थेट शिकवण्याऐवजी त्यांच्या शिक्षकांना शिकवावं. २००९च्या सुमारास सुरू झालेल्या त्यांच्या उपक्रमात देशभरच्या दूरस्थ केंद्रांवर बसलेले हजारो प्राध्यापक एकाच वेळी आयआयटीशी जोडले जात. २०११च्या उन्हाळ्यात मूलभूत इलेक्ट्रॉनिक्सवर अशी कार्यशाळा झाली. व्याख्यान पडद्यावर, पण प्रयोग मात्र प्रत्येकाने आपापल्या केंद्रातल्या प्रयोगशाळेत करायचे, अशी या कार्यशाळांची रचना होती. दुरून काय पाठवायचं आणि काय जागेवरच करायचं, याची इतकी स्वच्छ वाटणी नंतर फार कमी ठिकाणी दिसली.

प्रा. कण्णन मौद्गल्य यांचं स्पोकन ट्युटोरियल हे तिसरं काम. दहा-दहा मिनिटांचे धडे, एकेक कृती करून दाखवणारे, मराठीसह अनेक भारतीय भाषांत आवाज दिलेले. इंटरनेट नसेल तिथे सीडीवरून किंवा पेनड्राइव्हवरून पाहता येतील अशा बेताने ते आखलेले होते. धडगावसारख्या ठिकाणाच्या दृष्टीने मला हा विचार सगळ्यांत मोलाचा वाटतो, कारण तिथल्या मुलाकडे वेग नाही हे त्यात आधीच गृहीत धरलेलं होतं.

या वाटेवर एक मोठी ठेचही लागली. अनेक अभिमत विद्यापीठांनी दूरशिक्षणाने थेट अभियांत्रिकीच्या पदव्या वाटल्या होत्या. ३ नोव्हेंबर २०१७ला सर्वोच्च न्यायालयाने परवानगीवाचून दिलेल्या त्या पदव्या नाकारल्या. २००१ ते २००५च्या तुकड्यांना पुन्हा परीक्षा देण्याची एक संधी मिळाली, नंतरच्यांना तीही नाही. प्रत्यक्ष कामावाचून अभियंता कसा तयार होईल, हा प्रश्न त्या निकालाच्या मुळाशी होता.

आणि अडीच वर्षांत सगळ्या देशालाच दुरून शिकण्याची वेळ आली.

मार्च २०२०मध्ये महाविद्यालयं बंद झाली. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१७-१८च्या फेरीनुसार देशाच्या ग्रामीण भागातल्या जेमतेम १४.९ टक्के घरांत इंटरनेट होतं आणि ४.४ टक्के घरांत संगणक. नंदुरबार हा २०११च्या जनगणनेत साक्षरतेत राज्यात सगळ्यांत मागे असलेला जिल्हा. सातपुड्यातल्या पाड्यांत आधी वीज, मग मोबाइल, मग रिचार्ज, मग नेटवर्क अशी चढण होती. पोरं टेकडीच्या माथ्यावर जाऊन सिग्नल शोधत. खाली शहरात तंत्रनिकेतनाचं वसतिगृह बंद झालेलं, त्यामुळे नंदुरबार, धुळे, शहादा इथे शिकणारी डोंगरातली मुलं घरी परतलेली. तिथे पेरणीचे दिवस आले आणि घरातला एकच फोन ज्याच्या हाती, त्याची त्या दिवशीची हजेरी लागली.

राज्याच्या तंत्रशिक्षण मंडळाने परीक्षा ऑनलाइन, बहुपर्यायी प्रश्नांच्या घेतल्या. अंतिम वर्षाची परीक्षा घ्यावीच लागेल, हे सर्वोच्च न्यायालयाने २८ ऑगस्ट २०२०ला स्पष्ट केलं होतं, त्यामुळे काहीतरी मार्ग काढणं भागच होतं. शिक्षकांनी आपल्या परीने कष्ट केले. कुणी स्वयंपाकघराच्या भिंतीवर फळा टांगला, कुणी मोबाइल दोऱ्याने खुर्चीला बांधून वहीवर आकृत्या काढून दाखवल्या. व्हर्च्युअल लॅब्ज आणि संगणकावर सर्किट चालवून दाखवणाऱ्या आयआयटी मुंबईच्या ई-सिमसारखी मोफत साधनं हाताशी होती, आणि ती नसती तर काहीच झालं नसतं.

पण औद्योगिक इलेक्ट्रॉनिक्सचा एक साधा प्रयोग घ्या. थायरिस्टरच्या गेटला कोणत्या कोनात इशारा दिला की बल्ब किती उजळतो, ते पाहायचं. संगणकावर कोन तीस अंशांवरून नव्वदवर नेला की लहर कापली जाते, आलेख सुंदर येतो, मुलाला कळतं. प्रयोगशाळेत तोच मुलगा लहर पाहायला ऑसिलोस्कोपचा प्रोब लावतो आणि प्रोबची अर्थिंगची चिमटी न पाहता मेनच्या जिवंत टोकाला अडकवतो. फट्कन आवाज, ठिणगी, फ्यूज गेला, चिमटीचं टोक काळं. मधे आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर का हवा होता, हे त्या क्षणी त्याला जसं कळतं तसं कोणत्याही पडद्यावर कळत नाही. संगणकातलं अर्थिंग ही नुसती खूण असते. कारखान्यात ती तांब्याची तार असते, आणि ती कुठे जोडली यावर माणसाचा जीव अवलंबून असतो. २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत हजारो मुलं हा धडा न घेता पुढच्या वर्गात गेली. गुणपत्रिकेत ते दिसत नाही. पहिल्या नोकरीवर, ४१५ व्होल्टच्या पॅनेलचं दार उघडताना दिसतं.

याचा अर्थ पडद्यावरचं शिक्षण फुकट गेलं असा नाही. जे शिक्षक त्या काळात धडे चित्रित करायला शिकले, त्यांचे धडे राहिले. एकदा न समजलेलं प्रकरण मूल आता चारदा ऐकू शकतं, तेही आपल्या भाषेत. ज्याच्या घरात पहिल्यांदाच कुणी तंत्रशिक्षण घेतंय त्याच्यासाठी हा फार मोठा आधार आहे. तोटा झाला तो एका समजुतीमुळे. धडा पोचला म्हणजे शिक्षण पोचलं, असं धरलं गेलं, आणि वर्ग पुन्हा भरल्यावर राहिलेले प्रयोग भरून काढायला पुरेसा वेळ दिला गेला नाही.

धडगावात आज शासकीय आयटीआय आहे, जिल्ह्याच्या ठिकाणी शासकीय तंत्रनिकेतन आहे. सप्टेंबर २०१९मध्ये सरदार सरोवर पहिल्यांदा काठोकाठ भरलं. त्याचं पाणी पोचत नाही अशा उंचीवर सातपुड्याचे ओढे अजून वाहतात. पावसाळ्यात आणि त्यानंतरचे काही महिने त्यांतल्या बऱ्याच ओढ्यांवर दोन-पाच किलोवॉटचा संच चालू शकेल. आयटीआयच्या आवारात असा एक संच, त्याचा भारनियंत्रक मुलांनी स्वतः जोडलेला, आणि त्याची उपपत्ती पेनड्राइव्हवरच्या मराठी धड्यांतून शिकलेली, एवढं करायला लागणारं ज्ञान महाराष्ट्रात आहे. त्याला लागणारा पैसा एखाद्या सुसज्ज संगणककक्षाहून फार जास्त नसावा. बिलगावच्या संचावर ज्यांनी हात काळे केले ते तेव्हाचे विशी-पंचविशीतले तरुण आता पंचेचाळिशीच्या आसपास असतील. असा वर्ग सुरू करायचा झाला, तर पहिले काही तास त्यांना शिकवायला बोलवावं.